गॅपनंतर नोकरी शोधताना

नोकरी सुटली की पहिल्या आठवड्यात अर्ज करायची घाई होते. खरं तर तो आठवडा कागदांसाठी राखून ठेवावा. एक्सपिरियन्स लेटर, रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पेस्लिप, पगारवाढीचं शेवटचं पत्र, आणि ज्यांच्यासोबत काम केलं त्यांचे वैयक्तिक नंबर व ई-मेल. ऑफिसचा ई-मेल बंद झाला की यातली प्रत्येक गोष्ट एचआरकडे मागावी लागते, आणि सहा महिन्यांनी तिथे आपल्याला ओळखणारं कुणी उरलेलं नसतं. कंपनीच्या मालकीची फाइल मात्र उचलू नये. आपल्या कामाचे आकडे (किती जणांची टीम, किती रकमेचं बजेट, कुठला वेळ किती कमी झाला) आठवून आपल्या शब्दांत लिहून काढावेत. ते ताजे असतानाच लिहिलेले बरे, कारण मुलाखतीत हेच आकडे विचारतात आणि तोवर ते धूसर झालेले असतात.

त्याच कागदावर तीन गोष्टी पत्रात जशा आहेत तशा उतरवाव्यात: रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि पदाचं नाव. ऑफर हातात आल्यानंतर पार्श्वभूमीची तपासणी होते, तेव्हा तपासणारी एजन्सी सगळ्यात आधी हे तीन तपशील जुळवते. रेझ्युमेवर 'सीनियर एक्झिक्युटिव्ह' आणि पत्रात नुसतं 'एक्झिक्युटिव्ह', किंवा गॅप, म्हणजे नोकरी नसलेला मधला काळ, कमी दिसावा म्हणून सोडल्याचा महिना दोन महिने पुढे सरकवलेला, एवढ्यावरून ठरलेली ऑफर मागे घेतली जाते. गॅप आहे हे समोरच्याला चालून जातं, तारीख खोटी निघालेली चालत नाही.

गॅपचं वजन नेमकं किती पडतं, यावर प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत, आणि माझी शोधाची पद्धत मी त्यांवरून ठरवली. क्रॉफ्ट, लँग आणि नोटोविडिग्डो या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत सुमारे ३,००० जाहिरातींना काल्पनिक उमेदवारांचे सुमारे १२,००० रेझ्युमे पाठवले. उमेदवार किती महिने घरी आहे, हे त्यांत मुद्दाम वेगवेगळं ठेवलं होतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की बोलावणं येण्याचं प्रमाण पहिल्या आठ महिन्यांत घसरत जातं आणि त्यानंतर फारसं हलत नाही. स्वीडनमध्ये एरिक्सन आणि रूथ यांनी अशाच प्रयोगातून २०१४ साली आणखी उपयोगाची गोष्ट दाखवली. पूर्वी कधीतरी पडलेल्या गॅपकडे कंपन्या जवळजवळ लक्षच देत नाहीत. आत्ता चालू असलेला आणि नऊ महिन्यांवर गेलेला गॅप मात्र नडतो, तोही प्रामुख्याने कमी आणि मध्यम कौशल्याच्या नोकऱ्यांत. मधे पुन्हा काम केलं असेल, तर जुन्या गॅपचा परिणाम उरत नाही.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की करायचं काय ते स्पष्ट होतं. गॅपचं स्पष्टीकरण घासूनपुसून चकचकीत करण्यात वेळ घालवू नये. रेझ्युमेच्या सगळ्यात वरच्या नोंदीत, जिच्यापुढे 'आजपर्यंत' असं लिहिता येईल, असं खरं काम लवकरात लवकर आणावं. तीन महिन्यांचं कंत्राटी काम, आठवड्यातले दोन दिवस कुणाचे हिशोब बघणं, जुन्या ग्राहकासाठी एक छोटा प्रकल्प, एखाद्या संस्थेच्या नोंदी संगणकावर आणून देणं, यातलं काहीही चालतं. पगार कमी असला तरी चालतो. अट एकच: फोन केला तर 'हो, यांनी आमच्याकडे हे काम केलं' असं सांगणारा माणूस हवा. 'फ्रीलान्स कन्सल्टंट' अशी पाटी लावून खाली ग्राहक एकही नसेल, तर मुलाखतीतल्या 'कोणासाठी काम केलंत?' या पहिल्याच प्रश्नाला ती पाटी गळून पडते, आणि मग बाकीच्या रेझ्युमेवरही संशय येतो. कोर्सचंही तसंच आहे. नुसती प्रमाणपत्रांची रांग बघून कुणी बोलावत नाही. कोर्समधून तयार झालेलं काही दाखवता आलं, म्हणजे एखादं चालणारं मॉडेल, अहवाल, कोडची फाइल किंवा आराखडा, तर त्यावर दहा मिनिटं बोलता येतं, आणि त्या दहा मिनिटांत गॅपचा विषय मागे पडतो.

आता रेझ्युमे. बऱ्याच कंपन्यांत अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो. ते रेझ्युमेतला मजकूर वाचून नाव, पद, तारखा, कौशल्यं अशा खणांत टाकतं. दोन कॉलमची मांडणी, टेबल, मजकुराच्या जागी चित्र, कौशल्यांपुढे रंगवलेले ठिपके, पानाच्या हेडरमध्ये लिहिलेला फोन नंबर, या गोष्टींनी तिथे घोळ होतो. तपासायची पद्धत सोपी आहे. फाइलमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करावा. वाक्यं उलटसुलट झाली, तारखा एका जागी आणि कंपन्यांची नावं भलतीकडे गेली, तर सॉफ्टवेअरलाही तसंच दिसण्याची शक्यता मोठी. एक कॉलम, साधा फाँट, महिना आणि वर्ष दोन्ही असलेल्या तारखा, आणि स्कॅन न केलेली पीडीएफ किंवा वर्ड फाइल, एवढ्यावर काम भागतं. नुसती वर्षं लिहून गॅप झाकायची युक्ती एचआरवाल्यांना पाठ असते. महिना गाळलेला दिसला की ते तोच आधी विचारतात.

जाहिरातीतले शब्द रेझ्युमेत आले पाहिजेत, पण आपण खरोखर केलेल्या कामापुरतेच. जाहिरातीत 'व्हेंडर रिकन्सिलिएशन' असेल आणि आपण तेच काम 'पार्टी खाती जुळवणं' म्हणून केलं असेल, तर त्यांचा शब्द वापरावा. शोधणारा माणूस त्याच शब्दाने शोधतो. प्रत्येक जाहिरातीसाठी अख्खा रेझ्युमे नव्याने लिहायची गरज नाही. वरचा तीन ओळींचा सारांश, कौशल्यांची ओळ आणि शेवटच्या दोन नोकऱ्यांखालच्या मुद्द्यांचा क्रम एवढंच बदलावं. याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्यापेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर बहुतेक ती जागा आपल्यासाठी नसते.

अर्ज जाहिरात पडल्यापासून दोन-तीन दिवसांत जावा. मागणी असलेल्या जागेला शेकड्यांनी अर्ज येतात. निवड करणारा माणूस पहिल्या खेपेतले उघडतो, त्यातून फोन करण्याजोगे पुरेसे मिळाले की पुढचे तसेच पडून राहतात. तीन आठवडे जुनी जाहिरात अनेकदा साइटवरून काढायची राहिलेली असते.

नोंदवहीशिवाय हा शोध करू नये, असं माझं ठाम मत आहे. एक साधी शीट पुरते: कंपनी, पद, जाहिरातीचा दुवा, अर्जाची तारीख, कुठल्या मार्गाने (साइट, ओळख, एजन्सी), रेझ्युमेची कुठली आवृत्ती, कुठपर्यंत पोचलं, पुढे कधी विचारायचं. जाहिरातीचा मजकूर कॉपी करून जपून ठेवावा, कारण मुलाखतीचा फोन येईपर्यंत साइटवरून ती जाहिरात गेलेली असते. पण शीटचा मोठा फायदा निदानाचा आहे. वीस-पंचवीस अर्जांनंतर एकही फोन नाही, तर दोष रेझ्युमेत किंवा जागांच्या निवडीत आहे, मुलाखतीची तयारी वाढवून तो जाणार नाही. फोन येतात आणि तिथेच संपतात, तर पगाराचा आकडा, गॅपचं उत्तर किंवा बोलण्यातली चाचपड यांपैकी एक कारण असतं. पहिली फेरी पार होते आणि कामाच्या फेरीत अडतं, तर विषयाचा सराव गंजलाय. शेवटच्या फेरीपर्यंत दोन-तीनदा जाऊन हुकतं, तेव्हा मूळ पद्धत बदलायची नसते. तिथे रेफरन्स देणारी माणसं काय सांगतायत ते बघावं आणि अशा जागांची संख्या वाढवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रेझ्युमे, पगाराची अपेक्षा आणि क्षेत्र तिन्ही एकदम बदललं, तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

चालू गॅप असताना साइटवरून केलेला अर्ज हा सगळ्यात कमजोर मार्ग असतो, कारण तिथे आपल्याविषयी बोलायला फक्त कागद असतो. ओळखीतून गेलेल्या अर्जात गॅपचा महिना वाचण्याआधी कुणीतरी 'मी यांच्यासोबत काम केलंय' एवढं म्हणालेलं असतं. आणि ही ओळख जवळची असावी लागत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलेल्या अभ्यासात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी शंभरातल्या साधारण सतरा जणांचीच त्या माणसाशी वरचेवर गाठ पडत होती. बाकीच्यांची कधीमधी किंवा क्वचितच. २०२२ साली लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष आले, त्यांतही बेताच्या, सैलसर ओळखीच नोकरी बदलायला जास्त कामी आल्या. कारण उघड आहे. जवळच्या मित्रांना जे कळतं ते आपल्यालाही आधीच कळलेलं असतं. पाच वर्षांपूर्वी ज्याच्यासोबत एक प्रकल्प केला, तो आज वेगळ्या वर्तुळात वावरतो आणि तिथल्या जागा आपल्या कानावर येत नाहीत.

अशा माणसाला लिहिताना नोकरी मागू नये, माहिती मागावी. 'कुठे काही असेल तर सांगा' या निरोपाला उत्तर द्यायला समोरच्याकडे काहीच नसतं, म्हणून तो 'नक्की सांगतो' म्हणतो आणि विषय संपतो. त्याऐवजी असं लिहिता येतं: 'नमस्कार. २०१९ मध्ये आपण वेअरहाऊसच्या प्रकल्पावर एकत्र होतो. मार्चमध्ये आमचा विभाग बंद झाला, तेव्हापासून इन्व्हेंटरी प्लॅनिंगमधलं काम शोधतोय. तुमच्या कंपनीच्या साइटवर प्लॅनिंग ॲनालिस्टची जागा दिसली. त्या टीमला नेमकं काय हवंय, हे दहा मिनिटं फोनवर सांगू शकाल का? या आठवड्यात तुमच्या सोयीने.' फोनवर बोलणं बरं झालं, तर त्याच दिवशी तीन गोष्टी पाठवाव्यात: जागेचा क्रमांक किंवा दुवा, रेझ्युमे, आणि त्यांना जशाच्या तशा पुढे पाठवता येतील अशा आपल्याविषयीच्या तीन ओळी. त्या ओळी लिहायचं काम त्यांच्यावर टाकलं की निरोप लांबतो. आठवड्याने एकदा आठवण करावी, दुसऱ्यांदा नाही.

इथे क्रमाला महत्त्व आहे. बऱ्याच कंपन्यांत उमेदवाराने स्वतः आधीच अर्ज केलेला असला, तर नंतर तिथल्या कर्मचाऱ्याने टाकलेलं रेफरल, म्हणजे आपल्या नावाची शिफारस, सिस्टीम घेत नाही. म्हणून आधी ओळखीचं कुणी आहे का ते बघावं, दोन दिवस वाट पाहावी आणि मगच साइटवर अर्ज करावा. प्लेसमेंट एजन्सींच्या बाबतीतही असाच गुंता होतो. दोन एजन्सींनी एकाच जागेसाठी आपलं नाव पाठवलं, की कमिशन कुणाचं यावरून वाद नको म्हणून कंपनी तो उमेदवारच बाजूला ठेवते. एजन्सीला सुरुवातीलाच सांगावं की कंपनीचं नाव कळल्याशिवाय आणि मी होकार दिल्याशिवाय रेझ्युमे पुढे पाठवू नका, आणि तो होकार ई-मेलवर द्यावा.

घरी बसलेल्या माणसाला लुबाडणारेही टपलेले असतात. नोंदणी शुल्क, ट्रेनिंगचे पैसे, लॅपटॉपसाठी डिपॉझिट, असं काहीही नोकरी देण्याआधी मागितलं की तिथेच थांबावं. मुलाखत फक्त चॅटवर, ई-मेल कंपनीच्या डोमेनवरून न येता फुकटच्या खात्यावरून, ऑफर लेटरआधीच बँकेचे तपशील आणि ओळखपत्राच्या प्रती हव्यात, पगार त्या कामाच्या मानाने अवाजवी, यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तरी पुरे. खात्री करायची असेल, तर त्यांनी दिलेला नंबर वापरू नये. कंपनीच्या अधिकृत साइटवरचा नंबर शोधून तिथे विचारावं.

एचआरचा पहिला फोन पंधरा-वीस मिनिटांचा असतो आणि तो न सांगता येतो. बाजारात, गाडीवर किंवा जेवताना उचलून कसंबसं बोलण्यापेक्षा 'अर्ध्या तासाने मी फोन करू का?' असं विचारावं, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. त्या अर्ध्या तासात शीट उघडून जाहिरात परत वाचता येते.

गॅपचा प्रश्न याच फोनवर येतो. उत्तर तीन वाक्यांत, अर्ध्या मिनिटात संपावं: काय झालं, त्यानंतर काय केलं, आणि ही जागा का. 'मार्चमध्ये कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला. त्यानंतर एका छोट्या उद्योगासाठी साठ्याचं नियोजन करतोय, तिथे ऑर्डर चुकण्याचं प्रमाण कमी झालं. तुमच्याकडे हेच काम मोठ्या प्रमाणावर आहे, म्हणून अर्ज केला.' आणि मग थांबावं. समोर शांतता झाली की माणूस ती भरायला जातो, जुन्या साहेबाबद्दल, अन्यायाबद्दल बोलू लागतो आणि बिघडतं. आजारपण किंवा घरातल्या कुणाची सेवा हे कारण असेल, तर तपशील द्यायची गरज नाही. 'घरची वैद्यकीय अडचण होती, ती आता मिटली आहे, पूर्णवेळ काम करू शकतो' एवढं पुरतं. काढून टाकलं असेल तर राजीनामा दिला असं सांगू नये, कारण जुन्या कंपनीला फोन गेला की ते उघड होतं. 'अपेक्षा जुळल्या नाहीत, त्यानंतर कामात हा बदल केला' असं शांतपणे सांगितलेलं ऐकून घेतात.

मनातला राग मात्र वाक्यं पाठ करून झाकता येत नाही, तो आवाजात येतो. यावरही एक अभ्यास आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. १९९४ साली स्पेरा, बुहरफाइंड आणि पेनेबेकर यांनी नोकरी गेलेल्या ६३ व्यावसायिकांवर तो प्रसिद्ध केला. त्यांतल्या एका गटाने पाच दिवस रोज वीस मिनिटं नोकरी जाण्याबद्दल मनात असेल ते सगळं लिहून काढलं. पुढच्या महिन्यांत या गटातल्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या लागल्या. त्यांनी अर्ज किंवा फोन जास्त केले म्हणून हे झालं नव्हतं. ते लिहिणं कुणाला दाखवायचं नसतं, साध्या वहीत लिहावं. मुलाखती सुरू होण्याआधीचे पाच दिवस यासाठी योग्य.

पगाराची अपेक्षा विचारतात तेव्हा घरी बसलेला माणूस आकडा पाडून सांगतो, आणि तिथे दोनदा नुकसान होतं. एक तर पैसे कमी मिळतात. दुसरं म्हणजे फार कमी आकडा ऐकून 'हा चांगलं मिळताच निघून जाईल' असा समोरच्याचा ग्रह होतो. फोन येण्याआधीच तीन आकडे लिहून ठेवावेत: महिन्याचा खर्च आणि हप्ते धरून ज्याच्याखाली नोकरी परवडत नाही तो, त्या पदाला बाजारात साधारण मिळतो तो, आणि आपण मागणार तो. पहिला कधीच बोलून दाखवायचा नसतो. आधी विचारावं, 'या जागेसाठी तुमची रेंज काय ठरली आहे?' बरेच जण सांगतात. मागचा पगार विचारला आणि सांगावा लागला तर खरा सांगावा, पेस्लिप पुढे मागतात.

मुलाखतीसाठी सहा-सात प्रसंग तयार ठेवावेत: अडलेलं काम सोडवलं, कुणाशी मतभेद झाले, मुदत चुकली, नवीन काही शिकलो, कमी माणसांत काम उरकलं, असे. प्रत्येकात परिस्थिती एका वाक्यात, आपली जबाबदारी एका वाक्यात, आपण काय केलं ते सविस्तर आणि शेवटी निकाल आकड्यासह. दोन मिनिटांत बसवावं. हे मनात म्हणून चालत नाही. कित्येक महिने कामाची भाषा तोंडात नसली की शब्द आठवत नाहीत, 'आम्ही केलं, आम्ही केलं' होत राहतं आणि आपण स्वतः काय केलं ते ऐकणाऱ्याला कळत नाही. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ऐकावा, मग जुन्या सहकाऱ्याला मुलाखत घ्यायला सांगावं. सगळ्यात हवी असलेली कंपनी पहिली येऊ नये, याची शक्य तितकी काळजी घ्यावी.

दिवसाचं वेळापत्रक हा किरकोळ विषय वाटतो, पण तसा तो नाही. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावात कापडगिरणी बंद पडून लोक बेरोजगार झाल्यावर याहोडा, लाझार्सफेल्ड आणि झायझेल या संशोधकांनी केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताशी भरपूर वेळ आणि वाचनालयाची फी माफ, तरी १९२९ ते १९३१ मध्ये पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. मोकळा वेळ आपोआप कामी येत नाही. ठरलेल्या वेळी उठावं, सकाळचे तीन-चार तास शोधाला द्यावेत, दुपारी ते चालू असलेलं छोटं काम किंवा सराव करावा. आठ तास साइटवर स्क्रोल करून अर्ज वाढतात, पण त्यांचा दर्जा घसरतो.

तोंडी ऑफर म्हणजे ऑफर नव्हे. बजेट अडतं, मंजुरी लांबते, साहेब बदलतो. सहीचं पत्र हातात येईपर्यंत एकही मुलाखत रद्द करू नये. पत्रात पद, रुजू होण्याची तारीख, पगारातला निश्चित भाग आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, प्रोबेशनचा काळ, त्या काळातली नोटीस, बाँड आणि सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याची अट, हे वाचावं. निश्चित भागावरून घर चालतं का ते बघावं, दुसरा भाग पहिल्या वर्षी पूर्ण मिळेल असं धरू नये. पगाराबद्दल बोलायचं तर ते पत्र आल्यावर आणि सही करण्याआधी, एकदाच, आकडा आणि कारण सांगून. रेफरन्स म्हणून ज्यांची नावं द्यायची त्यांना आधी विचारावं, पद कुठलं आणि कशावर भर द्यायचा ते कळवावं. न सांगता दिलेल्या नावाला फोन गेला की तिकडून येणारं 'हां, होते आमच्याकडे' हे कोरडं उत्तरच आपल्या विरुद्ध जातं.

सही झाली की बाकी चालू अर्ज ई-मेल करून मागे घ्यावेत आणि ज्यांनी दहा मिनिटं फोनवर दिली त्या प्रत्येकाला कुठे लागलो ते कळवावं. प्रोबेशन संपेपर्यंत शीट पुसू नये. त्या काळात नोटीस छोटी असते, दोन्ही बाजूंना.